जिथं हात लागतो, तिथं गंध

काका शेतकरी आहेत की नाहीत, हा आमच्या घरातला जुना खटला. काका म्हणायचे, मी शेतकरी. काकू म्हणायची, डोंबलाचे शेतकरी, विळासुद्धा कात्रीसारखा धरता. हा खटला असाच पडून राहिला असता, पण गेल्या दसऱ्याच्या सुमाराला काकूने तो थेट सरकारच्या दारात नेऊन टाकला. आणि घरात गाडी असलेली मी एकटीच, म्हणून मीही त्यात ओढले गेले.

आम्ही म्हैसूरचे शिंपी. कितव्या पिढीला इकडे आलो ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. ज्याला विचारावं तो एक पिढी वाढवून सांगतो. घरात मराठी बोलतो, म्हणजे आम्हाला तसं वाटतं. हूटगळ्ळीच्या ज्या कारखान्यात मी हिशेब बघते तिथं नाशिकची एक मुलगी नवीन आली आहे. ती एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी छान बोलता, पण मधेच कन्नड का बोलता?" मी तिला फाडकन म्हटलं, "कधी बोलले? सुम्ने काहीतरी सांगू नकोस." ती पोट धरून हसायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, 'सुम्ने' म्हणजे उगाच, आणि ते कन्नड.

काका-काकूचं ब्लाउज आणि शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. काका कापायचे, काकू शिवायची. डोळे अधू झाल्यावर काकांनी कात्री खाली ठेवली, दुकान भाड्याने दिलं, आणि टी. नरसीपूरच्या रस्त्यावरच्या एका गावात फार पूर्वी घेऊन ठेवलेली दीड एकर जमीन कसायला काढली. जमीन काकूच्या नावावर आहे. प्रेमाने वगैरे घेतली असं कुणी समजू नये. घेतली त्या वेळी काकांना साडेसाती चालू होती, आणि ज्योतिषाने बजावलं होतं की आत्ता स्वतःच्या नावावर माती घेऊ नका. काकूला साडेसाती नव्हती. काकू म्हणते, "मला हे होते ना, वेगळी कशाला हवी?"

काकांची शेती म्हणजे बघण्याची गोष्ट. गळ्यात टेप अडकवून ते बांधावर जायचे. वांग्याची रोपं लावायची तर दोन रोपांमधलं अंतर टेपने मोजून, खडूची पूड टाकून, रेघ सरळ आली का ते एक डोळा मिटून बघून. शिंप्याला शिवणीत माया ठेवायची सवय असते, उद्या गिऱ्हाईक अंगाने सुटलं तर कपडा उसवून वाढवता यावा म्हणून. काकांनी शेतालाही माया ठेवली. बांधाच्या आत चारी बाजूंनी चांगली हातभर पट्टी मोकळी सोडली. शेजारच्या ऊसवाल्याने पहिल्याच वर्षी ती नांगरून आपल्या उसात घेतली. काका भांडायलासुद्धा गेले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "जाऊ दे गं, माया असते ती वापरायलाच." त्यावर काकूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण भाताचं पातेलं आपटून.

त्या वांग्यांनी तर आमच्या गल्लीला वात आणला. काका बसमधून दोन पिशव्या भरभरून आणायचे आणि घरोघर वाटायचे. पहिल्या वर्षी लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी काका पिशव्या घेऊन वळणावर दिसले की लोक दारं ओढून घ्यायला लागले. माझ्या घरी वांग्याचं लोणचंसुद्धा झालं होतं. ते मी कारखान्यात नेऊन ठेवलं, तिथंही कुणी हात लावला नाही.

पण गावात मात्र काकांना कुणी शेतकरी म्हणत नसे. ते बसमधून उतरले की चहाच्या टपरीवरून हाळी यायची, "टेलरु बंदरु!" म्हणजे शिंपीबुवा आले. त्यात वाईट हेतू नव्हता. पण काकांना ते लागायचं. पंचेचाळीस वर्षं टेलर म्हणून घेतलं तेव्हा कधी लागलं नाही, आणि आता लागायचं. एकदा मी त्यांना गाडीतून आणत होते तेव्हा ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "घट्टे पडलेत बघ. ह्यांना अजून काय दाखवायचं?" मी उगाच हॉर्न वाजवला.

काकूचा राग शेतीवर होता, पण त्याहून जास्त पोत्यांवर होता. घरात एकच खोली उजेडाची, रस्त्याकडे मोठी खिडकी असलेली. काकूने आयुष्यभर दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या पडवीत शिवण केलं, आणि दुकान बंद झाल्यावर त्या खिडकीपाशी मशीन लावून चार ओळखीच्या बायकांचे ब्लाउज शिवायचे, एवढीच तिची हौस होती. तर काकांनी तिथं खताला आणलेली शेंगपेंडेची पोती रचली. वर फवारणीचा पंप, कोपऱ्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. काकूचं मशीन आलं बोळात, ट्यूबलाइटखाली. पेंडेचा वास बोळापर्यंत यायचा. "पैठणी शिवताना मला बैलासारखं वाटतं," ती म्हणायची.

अशात एक प्लॉटवाला उगवला. पांढरा शुभ्र शर्ट, डोक्यावर काळा चष्मा. हूटगळ्ळीकडे घरं मावेनाशी झाली, आता नरसीपूर रस्त्याला ले-आउट पडणार, तुमची जमीन द्या. हा मनुष्य हुशार. जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघून आला होता, तरी बोलायचं ते काकांशीच. काकूकडे बघून नुसतं, "अम्मा, काफी फार छान." काकांनी त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर काकूने पदर खोचला.

"ऐका," ती म्हणाली, "जमीन माझ्या नावावर आहे, सही माझी लागणार. मी काही दुष्ट नाही. तुम्ही ते सरकारी अनुदान, शेतकऱ्यांना मिळतं ते, त्यासाठी वर्षभर हेलपाटे घालताय ना? दिवाळीपर्यंत सरकारने या जमिनीवर एक हप्ता दिला, तर मी मानेन ही शेती आहे. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नाही दिला तर त्या पांढऱ्या शर्टाला बोलवायचं, सही करायची, आणि माझ्या खोलीतली पोती जायची."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चकली खात होते, ती तशीच तोंडात ठेवली. "कबूल," काका म्हणाले.

कबूल करायला त्यांना हिंमत झाली कारण कागदांचं काम सगळं झालेलं होतं. शेतकऱ्याला वर्षातून काही वेळा सरकार थोडे पैसे देतं, थेट खात्यात. रक्कम अशी की काकूच्या दोन पैठणी ब्लाउजांच्या शिलाईत बसावी, पण काकांना रकमेचं काय? तो हप्ता आला की फोनवर कन्नडमध्ये संदेश येतो, 'प्रिय रैत बांधव' असा. रैत म्हणजे शेतकरी. तो संदेश त्यांनी टपरीवर दुसऱ्यांच्या फोनवर वाचलेला होता आणि त्यांना तो हवा होता. आता फक्त एक गोष्ट राहिली होती. ज्याच्या नावावर जमीन, त्याने त्या भागातल्या शेतकरी कार्यालयात जाऊन यंत्रावर अंगठा लावायचा. म्हणजे काकूने.

आता गंमत बघा. काकांची शेती टिकावी म्हणून अंगठा लागणार, आणि अंगठा त्या बाईचा जिला शेती नको होती.

"लावीन," काकू म्हणाली. "शब्द दिलाय तर लावीन. पण मी मॅट्रिक फर्स्ट क्लास आहे हे त्यांना सांगा. अंगठाबहाद्दर नाही म्हणावं."

नवरात्र मधे आलं. आणि इथं काकांनी ते केलं, जे आमच्याच घरातला माणूस करू शकतो.

म्हैसुरात खंडेनवमीला आयुधपूजा कशी असते हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. बसला केळीचे खांब, रिक्षांना झेंडूच्या माळा, रस्तोरस्ती कुंकू भरून फोडलेले कोहळे, त्यावरून घसरणाऱ्या स्कूटरी. झेरॉक्सच्या यंत्रालासुद्धा हार घालतात. आम्हा शिंप्यांच्या घरात तर हा वर्षाचा सण. कात्र्या, मशीन, इस्त्री, टेप, सगळं धुऊनपुसून मांडायचं, कात्र्यांची तोंडं दोऱ्याने बांधायची, दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत कापायचं नाही. आणि आमच्या घरची एक खास रीत आहे, आजोबांपासूनची. गंध पात्याला लावायचं नाही. जिथं हात लागतो तिथं लावायचं. कात्रीच्या कड्याला, मशीनच्या चाकाला, इस्त्रीच्या मुठीला. आजोबा म्हणायचे, काम पातं करत नाही, हात करतो. दुसरं म्हणजे ते गंध वर्षभर टिकलं पाहिजे. म्हणून काकू सहाणेवर चंदन उगाळते आणि त्यात बाभळीचा डिंक घालते. वाळलं की काचेसारखं कडक होतं. माझ्या कात्रीवरचं गेल्या वर्षीचं गंध अजून नखाने निघत नाही.

सरकारी कार्यालयं खंडेनवमीला बंद, म्हणून तिथली पूजा आदल्या दिवशी होते. काकांनी विचार केला, रिकाम्या हाताने कशाला बसायचं, कार्यालयातल्या माणसांशी जरा जानपहचान होईल. काकूच्या गंधाची वाटी, झेंडू, कुंकू, उदबत्त्या आणि हा एवढा कोहळा घेऊन सकाळच्या बसने गेले. संध्याकाळी आले ते फुलून आले होते.

"अगं, त्यांना पूजा करता येते कुठं?" काका मला सांगत होते. "त्यांचा तो कारकून पोरगा नुसतं कम्प्युटरच्या पडद्यावर बोटभर कुंकू लावत होता. मी म्हटलं, थांबा साहेब, पूजा अशी नसते. मी सगळं रीतीने केलं. जिथं हात लागतो तिथं गंध! कीबोर्डला, प्रिंटरच्या बटणाला, दाराच्या कडीला, कपाटाच्या मुठीला. काही म्हणून सोडलं नाही."

"शाब्बास," मी म्हटलं. खरंच म्हटलं. माझ्याही डोक्यात काही आलं नाही. काकू मशीन चालवत होती, तिने पायसुद्धा थांबवला नाही.

दसरा झाला. बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींचा खेळ बघायला आलेली गर्दी ओसरली, रस्त्यावरचं कोहळ्याचं कुंकू पावसाच्या सरीने धुऊन गेलं, आणि काका रोज कार्यालयात फोन करायला लागले. उत्तर एकच. यंत्र चालत नाही. मग म्हणे नेटवर्क नाही. मग नेटवर्क आलं, तर म्हणे लोकांचे अंगठेच उमटत नाहीत, शेतकऱ्यांचे हात झिजलेले असतात. मी शहरातल्या एका केंद्रात काकूला घेऊन गेले. तिथला माणूस म्हणाला, जमीन जिथं, अंगठा तिथं. मी त्याच्याशी भांडले. काकू म्हणाली, "चल गं, कशाला गळा काढतेस, दिवाळी आलीच." तिचा आवाज मला जरा जास्तच गोड वाटला.

शेवटी अंगठा लावायच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला. मी रजा टाकली. काका पुढं बसले, मांडीवर कागदांची पिशवी. काकू मागे, चांगली मोरपंखी साडी नेसून, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. तिला बाहेरचं पाणी चालत नाही, थंड तर नाहीच.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. त्यात शंभरेक माणसं आणि एक पंखा. सगळा गाव लोटला होता, कारण दसऱ्यापासून कुणाचाच अंगठा लागला नव्हता. त्या गर्दीचा जो काही तमाशा चालला होता तो मी जन्मात विसरणार नाही. कारकून पोरगा बिचारा घामाने निथळत ओरडत होता, "हात धुऊन या!" बाहेर नळाला रांग. हात धुऊन आलेले लोक अंगठा लावायचे, यंत्र टूं करायचं, पडद्यावर लाल फुली. "डोक्याला पुसा, तेल लागू दे!" सगळे अंगठे डोक्यावर. टूं. "तेल पुसा, चुना लावा!" एका म्हाताऱ्याने कमरेची चंची सोडून दहाबारा जणांना चुना वाटला. टूं. एका बाईने तर लिंबू आणलं होतं. कुणीतरी म्हणालं, डावा लावा. मग सगळ्यांचे डावे. ज्याने कधी नांगर धरला नाही असा गावचा मास्तर आला, गुळगुळीत बोटांचा, त्याचाही टूं. "मास्तर, तुमचा काय खडूने झिजला का?" अशी फिरकी कुणी घेतली तेव्हा खोलीभर हशा झाला. पण सगळ्यांचं तोंड उतरलेलं होतं. त्यांचाही हप्ता अडकला होता.

ते यंत्र टेबलाच्या कडेला होतं, काळं, साबणाच्या वडीएवढं. त्याला पिवळट काच आणि काचेखाली लाल दिवा. भोवती अजून वाळक्या झेंडूची पाकळी चिकटलेली.

काकूचा नंबर आला. तिने पदराने अंगठा पुसला, ठेवला. टूं. पुन्हा. टूं. कारकुनाने तिच्याकडे, मग तिच्या साडीकडे बघितलं. दिवसभरात त्याचं डोकं इतकं फिरलं होतं की त्याचा मी आता राग करत नाही, त्या वेळी मात्र मी त्याला खाऊनच टाकणार होते.

"बिडी अम्मा," तो कन्नडमध्ये म्हणाला. जाऊ द्या. "तुम्ही शहरातली माणसं, हौस म्हणून शेती. खऱ्या रैतांचे लागत नाहीत, तुमचा कशाला हवा? घरी जा, आराम करा."

काकू उठली. "झालं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मी शब्द पाळला. अंगठा लावला, नाही लागला, त्याला मी काय करू?" तिने थर्मास काखेत मारला.

काका हाता-पाया पडतील, वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद एकावर एक ठेवले, कापडी पिशवीत घातले, आणि पिशवीची घडी घालायला लागले. कोपऱ्याला कोपरा लावून, हाताने दाबून. मग म्हणाले, "बाळ, जाताना जरा शेतावर थांबशील? शेवग्याच्या शेंगा तोडायच्यात. उगाच वाया जातील."

मला रडू आलं. सरळ सांगते, आलं. म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणून काकूने अंगठा नाकाशी नेला ते मला उशिरा दिसलं.

ती अंगठा हुंगत होती. मग तिने वाकून त्या काचेकडे बघितलं. मग दाराच्या कडीकडे. तिथं गंधाचा टिळा होता. मग कपाटाच्या मुठीकडे. तिथंही. मग तिने काकांकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याकडे जसं बघते तसं. काकांना काही पत्ता नव्हता, ते पिशवीवर हात फिरवत होते.

मला कळलं. तिला कळलंय हेही कळलं. आणि आता तिने फक्त गप्प बसायचं होतं. गाडीत बसायचं, घरी जायचं, दिवाळीनंतर सही करायची, पोती बाहेर, मशीन खिडकीशी. मी एक शब्द बोलले नाही. ती काय करते ते मला बघायचं होतं.

काकू खुर्चीत परत बसली. थर्मासचं झाकण उघडलं, मोरपंखी साडीचा पदर, जरीच्या बाजूने, गरम पाण्यात बुडवला, आणि ती काच घासायला लागली.

"अम्मा! अम्मा!" कारकून किंचाळला. "सरकारी मशीन आहे ते!"

"मशीन सरकारी असेल," काकू म्हणाली, "गंध माझं आहे. डिंक आहे त्यात, गरम पाण्याशिवाय निघायचं नाही. गप बस जरा."

काकूने घासलं, नखाने खरवडलं, पुन्हा घासलं. पदराला पिवळा लगदा आला. खालून काच निघाली, लख्ख, आणि लाल दिवा असा झळकला की पुढच्या रांगेतल्यांनी "ओहो" केलं. कारकुनाचं तोंड उघडंच राहिलं. "मला वाटलं काचच पिवळी आहे," तो पुटपुटला.

"कुणी लावलं हो इथं?" चुना वाटणारा म्हातारा म्हणाला.

काका उभे राहिले. अजूनही त्यांना उमगलं नव्हतं. हौसेने म्हणाले, "मीच की! जिथं हात लाग..." आणि तिथंच थांबले. शंभर माणसं त्यांच्याकडे बघत होती. लोकांनी पंधरा दिवस हात धुतले होते, तेल लावलं होतं, चुना लावला होता, लिंबू चोळलं होतं. काका हळूहळू खाली बसले आणि पिशवी तोंडापुढं धरली.

काकूने अंगठा ठेवला. यंत्राने टूं केलं नाही. टिंग केलं. हिरवी खूण.

"आयितु!" कुणीतरी ओरडलं. झालं! मग जी झुंबड उडाली ती काकूनेच आवरली. खुर्चीवरून उठलीच नाही. "एकेक! मुंदे बन्नी, पुढं या! चुना पुसून या आधी, काच घाण होईल!" ब्लाउजाची मापं घ्यायला बायकांच्या रांगा लावलेली बाई ती, शेतकऱ्यांची काय कथा. टिंग, टिंग, टिंग. जाणारा प्रत्येक माणूस काकांपाशी थांबून काहीतरी बोलून जात होता. "टेलरु, पुढच्या वर्षी बँकेतही पूजा करा हं, कर्जाची नोटीस चिकटून बसू दे." मास्तर तर वाकून नमस्कारच करून गेले. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण पिशवीआड ते हसत होते.

परत येताना शेंगा तोडायला थांबलो. काका शेवग्याखाली गेले तेव्हा मी गाडीतून मागे वळून काकूला म्हटलं, "गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस."

"त्या पोराने काय म्हटलं ऐकलंस ना? म्हणे हौस म्हणून शेती." काकू पदराचा डाग चोळत होती. "ह्यांना शेतकरी नाही म्हणायचं तर मी म्हणेन. त्यांच्यापायी वांगी मी खाल्लीत. तो कोण?"

"एवढंच?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काका आकडी लावून शेंगा ओढत होते आणि प्रत्येक शेंग टेपशी धरून बघत होते.

"पिशवीची घडी घातली गं त्यांनी," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या लुंगीची घडी घातली नाही. मला नाही बघवलं."

दिवाळीच्या अगोदर हप्ता आला. सकाळी काकूचा फोन वाजला, खातं तिचं, नंबर तिचा, तेव्हा संदेशही तिलाच. काका धावत आले, चष्मा लावून वाचायला लागले. प्रिय रैत बांधव, आणि खाली नाव. काकूचं नाव. काकांनी ते दोनदा वाचलं. वर्षभर ज्यासाठी हेलपाटे घातले ते तिच्या दारात येऊन बसलं होतं. मला वाटलं आता बिनसणार. पण त्यांनी फोन काकूच्या हातात दिला, आत गेले, आणि दिवसभर खिडकीच्या खोलीतली पोती एकेक करून घरामागच्या पडवीत नेत राहिले. काकूने नको म्हटलं नाही. संध्याकाळी मशीन खिडकीशी लागलं.

त्या खिडकीशी काकू फॉल लावत बसली होती आणि मी तिथं चहा पीत होते, तेव्हा प्लॉटवाल्याचा फोन आला. काकूने स्पीकरवर टाकला, हात मोकळे नव्हते. तो म्हणाला, "नमस्कार अम्मा, काफी झाली का? जरा शेतकरीसाहेबांना देता का फोन?"

"बोलतेय," काकू म्हणाली.

"नाही, म्हणजे, शेतकरी..."

"मीच शेतकरी. सरकारचा संदेश आहे माझ्याकडे, पाठवू? जमीन विकायची नाही. आमचा माणूस कामावर आहे, त्याला त्रास द्यायचा नाही." तिने दाताने दोरा तोडला आणि फोन बंद केला.

आमचा माणूस दारात उभा होता, हातात फवारणीचा पंप घेऊन. काकांनी सगळं ऐकलं होतं. घसा खाकरून ते म्हणाले, "मग उद्या पाणी सोडायला मी जाऊ ना?"

"जा," काकू म्हणाली. "आणि त्या ऊसवाल्याकडून माझी हातभर माया परत मागून या. तुमची होती तोवर दिली. आता माझी आहे."

काका गळ्यात टेप घालून दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले.